उलट्या वाटेची वरात

माघातली दुपार संत्र्यांच्या बागेवर कलली होती. पानांत ऊन, उन्हात परिमळ, परिमळात मधमाश्यांचा मधुमंद्र गुंजारव. आणि अवजारांच्या गोठ्यात, युरियाच्या पोत्यांआड, अडतीस वर्षे समाधिस्थ बसलेली ती: मेघनीला, रजतनयना, छप्पर दुमडणारी मोटार. समाधी इतकी गाढ की मागच्या आसनावर कोंबड्यांच्या सात पिढ्या नांदून गेल्या.

आज तिला उठवायचे होते. आजच. अंबादासजींचा गाडी चालवण्याचा परवाना आज संपत होता, आणि काचबिंदूने त्यांची नजर कडांकडून मिटत आणली होती. जग आता त्यांना बांगडीतून पाहावे तसे दिसे, गोल, आणि रोज थोडे लहान. उद्या कुठलाही डॉक्टर सही करणार नव्हता. त्याआधी पत्नीला, सुलोचनाबाईंना, शेजारी बसवायचे होते. एकदाच.

कारण लग्नाच्या वरातीत, याच बागेच्या वाटेवर, मोटार थबकली होती. मग तिला बैल जुंपले. नवरदेव आत, गंभीर मुद्रेने स्टिअरिंग धरून. नवरी बैलांच्या पुढे, शालू सावरीत, पायी. माप ओलांडून नवरीने शांतपणे सांगितले, "हे आपल्या पायानं चालली तं मी बसीन." त्यानंतर सुलोचनाबाई सगळीकडे एसटीने गेल्या.

गुलाब तायडे आला. विहिरींवरच्या इंजिनांचा तो धन्वंतरी. मोटारीचे पोट प्रथमच पाहत होता.

"काकाजी, पाणी किती इंच फेकते हे?"

"पाणी नाही फेकत बाप्पा. माणसं नेते."

"मंग एवढं मोठं कायले बनवलं?"

त्याने नळ्या फुंकल्या, गंजाचे केशर झटकले, टाकीतले आंबलेले पेट्रोल उपसले, नवे पाजले, नवी बॅटरी जोडली. मोटार खोकली. निजली. पुन्हा खोकली. ऊन पिवळे झाले, मग तांबूस, मग पानांच्या टोकांपुरते उरले. आणि तेव्हा, धूम्रवलयांकित, थरथरत, कण्हत, ती जागी झाली.

पण गिअर एकमेकांत रुतून बसले होते. मोटार चालत होती, फक्त मागे.

"पुढं नाही जात?" अंबादासजींनी विचारले.

"पुढं जायचं असन तं तोंड फिरवून घ्या," गुलाब म्हणाला, "अन् मांगंच न्या."

अंबादासजी आत बसले, स्टिअरिंग धरले. इतक्यात घराच्या पायऱ्या उतरून सुलोचनाबाई आल्या. थरथरत्या मोटारीभोवती एक फेरी मारली, आसनावरचे पीस उचलून टाकले.

"चालली पायजे म्हटलं होतं मी. कोणीकडं, ते नव्हतं म्हटलं."

आणि बसल्या. बसल्या म्हणजे वळल्या, आसनावर गुडघे टेकले, पाठीमागच्या वाटेवर नजर लावली. बाजूच्या बांधाकडे अंबादासजींना आता पाहता येत नव्हते.

"डावीकडं घ्या जी. अजून. तिथं विहीर आहे."

मोटार निघाली. सासरचा उंबरा लहान लहान होत गेला. माहेरची दिशा, उघड्या आभाळाखाली, हळूहळू जवळ येत गेली. अडतीस वर्षांपूर्वी मोटार थबकली होती ती जागा आली, आणि न थांबता गेली.

वारा मोटारीच्या पाठीकडून वाहत होता. सुलोचनाबाईंचा हिरवा पदर फुलला, फडफडला, आणि अंबादासजींच्या डोळ्यांवर अलगद उतरला. जग हिरवे झाले. त्यांनी पदर काढला नाही.

"सरळ आहे आता," त्या म्हणाल्या. "येऊ द्या."

आणि ते येत राहिले, हिरव्यातून, हिरव्यातून. येऊ द्या, येऊ द्या. सावकाश, मागे, मागे, मागे.