दारावरचे सात पोचे

मल्लाप्पाने गाडीच्या दारावर पाणीपेपर, पाण्यात भिजवलेला घासकागद, फिरवला. पोचे दिसावेत म्हणून प्रायमरवर उडवलेला काळ्या रंगाचा पातळ थर सपाट पत्र्यावरून निघून गेला, खोलगट जागी तेवढा राहिला. लेक कावेरी म्हणाली होती, गाडी खांबाला घासली. खांबाचा ओरखडा एकच असतो, लांब. इथे चालकाच्या खिडकीखाली सात गोल ठिपके उरले होते. त्याने बोटाने पुन्हा मोजले.

"सात वेळा आडवा आला होय हा खांब?"

कावेरीने मान वळवली. गाड्यांचे पोचे काढणाऱ्या बापाला पत्र्याच्या बाबतीत फसवायचं म्हणजे कमालच. रस्त्यावरच्या कारागिराकडून पोच्यांत पुट्टी भरून घेऊन तिने तेही करून पाहिलं होतं.

"मी आत होते, अप्पा. दार लॉक केलेलं. तुमचे जावई बाहेरून पान्याने..."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. जावई नागराज पेढ्यांचा पुडा सावरत अंगणात आला. बनशंकरीत सासुरवाडीला तो कधी रिकाम्या हाताने येत नसे, हिशेबाला पक्का.

"मामा, झाली काय गाडी? कावेरी, बॅग घे, चल."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मल्लाप्पाचा ठोसा त्याच्या तोंडावर बसला. पेढे मातीत गेले. मल्लाप्पाने त्याला कॉलरला धरून बॉनेटवर आपटलं, एकदा, परत एकदा. पत्र्यावर रक्ताचा फराटा ओढला गेला.

"बाईमाणसावर हात उचलतोस?"

"तिला कुठं मारलं, मामा?" नागराज रक्ताळल्या दातांनी हसला. "गाडीला मारलं की."

मल्लाप्पाने जमिनीवरचा चाकाचा पाना उचलला आणि डोक्यावर नेला.

नागराज जागचा हलला नाही. हलली ती त्यांच्यामागे, भिंतीशी उभी असलेली भागुबाई, मल्लाप्पाची बायको. ती मटकन खाली बसली. मान आत, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं जुळवून चेहऱ्यापुढे. पदर सावरावा इतक्या सवयीने.

कावेरीने आईकडे पाहिलं. मग बापाकडे.

पाना हवेत राहिला, मग हळूच मांडीपर्यंत उतरला.

"अगं, तुला नव्हे," मल्लाप्पा म्हणाला.

भागुबाईचे हात खाली आले नाहीत.

कावेरीने रंग उडू नये म्हणून काचेवर चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद टराटरा फाडले. बॅग मागच्या सीटवर टाकली. मग वळसा घालून पलीकडचं दार उघडलं.

"अव्वा, बस."

"अजून रंग द्यायचाय," मल्लाप्पा म्हणाला. कावेरी चालकाच्या जागी जाऊन बसली.

भागुबाई उठली, पदराला हात पुसत गाडीत बसली, आणि दार तिने स्वतः ओढून घेतलं.