अमावास्या, दुपारी बारा

कार्यशाळेची तारीख ठरवताना दिपिकाने कॉलेजच्या वेळापत्रकाआधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. माघातली अमावास्या शनिवारी येत होती. तिने विद्यापीठाच्या विज्ञान शाखेला कळवून टाकलं: शुक्रवारी ती शिकवत होती त्या रोह्याच्या कॉलेजात व्याख्यानं, शनिवारी पेणच्या बाजूला खाडीवर मातीचे नमुने घेण्याचं प्रात्यक्षिक. मार्गदर्शक, डॉ. प्रविण सबनीस.

हे नाव असं लिहून धाडायची ती चार वर्षं वाट पाहत होती.

दिपिका वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. वडील काळुराम मिठागरावर, आई पुतळी खारजमिनीतल्या भातात. विद्यापीठात सबनीस सरांच्या हाताखाली तिने दोन वर्षं दर अमावास्येला खाडीच्या तळाचा चिखल आणला, त्यातलं मीठ मोजलं आणि आकडे सरांच्या हाती दिले. पेपर छापून आला तेव्हा त्यावर सरांचं नाव होतं, त्यांच्या मेहुण्याचं होतं, तिचं नव्हतं. ती विचारायला गेली, तर सर भरल्या विभागात म्हणाले, "चिखल आणून देणाऱ्याचं नाव घालायचं, तर उद्या पोस्टमनचंही घालावं लागेल!"

सगळे हसले. दिपिकाही हसली, आणि आपण हसलो हेच तिला पुढे सगळ्यात जास्त झोंबत राहिलं.

घरी येऊन तिने पेपर वाचला आणि एका ओळीवर थांबली. 'सर्व नमुने अमावास्येला दुपारी बारा वाजता खाडीच्या तळातून घेतले.' तिने आकड्यांपुढे नुसती तिथी लिहिली होती. त्यांच्या गावात तिथी सांगितली की पाण्याची वेळ वेगळी सांगावी लागत नाही. अमावास्येला चंद्र आणि सूर्य मिळून पाणी ओढतात, उधाण येतं, आणि या किनाऱ्यावर ते भरतं ते भर दुपारीच. तळ उघडा पडतो तो संध्याकाळी. तिथलं शेंबडं पोरही हे जाणतं. सरांनी खाडी कधी पाहिलीच नव्हती. वेळ लिहिलेली दिसली नाही, तेव्हा त्यांनी आपली एक छान उन्हाची वेळ घालून टाकली.

दिपिकाने ती चूक कुणाला सांगितली नाही. लोणच्यासारखी मुरत ठेवली.

शनिवारी बाराच्या सुमारास बस बांधाशी थांबली. विद्यार्थी उतरले, संशोधक उतरले, शेवटी पॉलिश केलेले काळे बूट घालून सर उतरले. खाडी तुडुंब होती. पाणी बांधाच्या ओठाला लागलं होतं.

दिपिकाने पेपर उघडला आणि ती ओळ सावकाश, वर्गात वाचतात तशी वाचली. "आज तीच तिथी, तीच जागा, तीच वेळ. सर, आपण नमुना कसा घेतलात ते मुलांना दाखवाल?"

पहिल्या रांगेतला धनेश वाकून पाहत म्हणाला, "सर, तळ कुठंय?"

"आज पाणी जरा जास्त दिसतंय," सर म्हणाले. "इकडे पाऊस झाला का काल?"

"फेब्रुवारीत, सर?" कुणीतरी मागून विचारलं. हशा पिकला. बांधावर बसलेल्या काळुरामने पाण्यातल्या होडीकडे बोट दाखवत बसल्या जागेवरून हाक दिली, "सायेब, उतरायचं आसंल तं होरी आनू काय?"

आता हसू आवरेना. सरांचे कान लाल झाले. दिपिका ते कान डोळे भरून पाहत होती. एवढ्यासाठीच तर सगळा घाट घातला होता.

तेवढ्यात नूतन पुढे आली. प्रबंध लिहीत असलेली गंभीर मुलगी. "मॅडम, म्हणजे हा पेपर खोटा? मी यातले आकडे वापरलेत. काढून टाकू सगळे?"

दिपिकाने हातातला पेपर मिटला. सरांना बुडवायच्या नादात हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पेपर खोटा ठरला, तर त्यातली तिची दोन वर्षंही खोटी ठरणार होती.

सर हुशार. ते तिच्या कानाशी झुकले. "छपाईची चूक होती म्हणून सांग, दिपिका. आकडे बुडाले तर तुझेच बुडतील."

दिपिकाने मुलांकडे तोंड केलं. मग आवाज चढवला. "सर म्हणताहेत, आकडे बुडाले तर माझेच बुडतील. अगदी खरंय, सर. ते माझेच आहेत."

कुणी हसलं नाही.

"नूतन, काही काढू नकोस," ती म्हणाली. "आकडे खरे की खोटे ते मी सांगितलं म्हणून मानायचं नाही. पाणी उतरलं की मोजू. तोवर बस हलणार नाही."

"मला पाचच्या आत पनवेल गाठायचंय," सर म्हणाले.

"खाडीला सांगून बघा, सर."

दुपार बांधावर गेली. मुलांनी डबे उघडले. पुतळीने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं आणलं होतं, ते तिने सरांपुढेही ठेवलं. "खा वं. पानी उतराला वेल हाय आजून." सर दोन घास खाऊन मोबाइल पाहत बसले. दिपिका मुलांना काठीने मातीत चंद्र-सूर्य काढून भरती समजावत होती.

ऊन कललं तसं पाणी ओसरलं आणि काळा, चकाकता तळ वर आला. दिपिका सलवार खोचून आधी उतरली. मागून धनेश, नूतन, मग सगळेच. कुणी गुडघाभर रुतलं, कुणी आपटलं. नूतनने चिखलातल्या पाण्यात मीठ मोजायचा मीटर बुडवला, आकडा वाचला, मोबाइलवर पेपर काढून पुन्हा वाचला.

"जुळतोय, मॅडम! अगदी याच पट्ट्यातला आहे."

दिपिकाने मान हलवली. मग चिखलाने भरलेली पिशवी धनेशपुढे धरली.

पिशवीवर चिठ्ठी लावायची होती. जागा, तिथी, वेळ, नमुना घेणारे. धनेशने पहिल्या तीन गोष्टी लिहिल्या, मग चिखलात उभ्या असलेल्या सगळ्यांची नावं लिहिली. पेन थांबवून त्याने वर पाहिलं. सर बांधावर उभे होते, बूट दुपारच्यासारखेच काळेभोर.

"मॅडम, सरांचं नाव घालू?"

दिपिकाने सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "चिखलात उतरलेल्यांचं घालतात, धनेश. पोस्टमनचं घालत नाहीत."