छातीएवढे अठरा मजले

मित्रांनो, अठरा मजल्यांची इमारत माणसाच्या छातीला लागते, हे तुम्हाला खरे वाटणार नाही. पण ती मी आहे. मी एक जुनी, रंग उडालेली प्रतिकृती आहे. नागपुरात बर्डीवर, म्हणजे भर बाजारात, एक उंच इमारत होणार होती, तिचे हे लहान रूप. होणार होती, एवढेच आता म्हणायचे.

सध्या मी चंद्रभान सुताराच्या पडवीत बांबूंना बांधलेली उभी आहे. आज पोळा. उद्या आमच्या शहरात मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारी बाईची मोठी मूर्ती, निघेल आणि तिच्यासोबत बडगे निघतील. ज्याने लोकांना छळले त्याचा बांबू-कागदाचा मोठा पुतळा करायचा, नावे ठेवत गावभर मिरवायचा आणि शेवटी पेटवून द्यायचा, तो बडग्या. बडगे सगळे बाप्ये असतात. यंदा एक बाईमाणूस निघणार आहे, आणि ती मी. म्हटले, जाण्याआधी तुम्हाला सगळे सांगून टाकावे.

बांगलादेशची लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. रामदासपेठेत एका कंपनीची कचेरी होती आणि मधुकरराव तिचे आर्किटेक्ट होते. त्यांच्या डोळ्यांत सदा इमारतच असायची. खाली दुकाने, त्यावर कचेऱ्या, त्यावर राहायची घरे आणि अगदी वर एक हॉटेल, जिथे चहा पिता पिता किल्ल्याची टेकडी खाली दिसेल. कागदावरचे नकाशे लोकांना कळेनात, म्हणून त्यांनी चंद्रभानला बोलावले. चंद्रभान तान्ह्या पोळ्यासाठी मुलांचे लाकडी नंदी करायचा आणि बडग्यांचे सांगाडे बांधायचा. त्याच्या हाताला काय सफाई होती म्हणून सांगू! सागाच्या पट्ट्या, प्लायवुड, खिडक्यांना निळा जिलेटीनचा कागद, झाडांना हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. पॉलिश करताना तो पुटपुटायचा, "बाकी सारं मी जाळासाठीच करतो. तू मात्र राहशीन."

मला काचेच्या पेटीत ठेवले. मोठमोठे लोक यायचे, वाकून बघायचे, वा वा करायचे. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

पण ज्या जागेवर मी उभी राहणार होते ती रिकामी नव्हती. तिथे टिनाच्या दुकानांची एक ओळ होती. नत्थूजींचे सायकलीचे दुकान, एक गादीवाला, एक बांगडीवाली आणि टोकाला पंचफुलाबाईंची फुटाण्याची भट्टी. पंचफुलाबाई ही चंद्रभानची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून तिने त्या भट्टीवरच संसार ओढला होता. चणे, शेंगदाणे, लाह्या. बर्डीवर आलेला माणूस तिचा पुडा घेतल्याशिवाय परतत नसे. कंपनी म्हणे, आता उठा, इमारत झाली की प्रत्येकाला खाली दुकान देऊ. पण कोणी उठायला तयार नव्हते. नत्थूजी तर सगळ्यांच्या पुढे होते.

एक दिवस पंचफुलाबाई कचेरीत आली. पदर डोक्यावर, हातात पिशवी.

"साहेब, मी कुठं बसन ते दाखवा. कागद मले वाचता येत नाही."

मधुकरराव घाईत होते. त्यांनी काच उघडली आणि माझ्या पायथ्याशी बोट ठेवले. "हे पाहा बाई, कोपऱ्यावरचे. दोन्हीकडून रस्ता. हे तुमचे."

"भट्टी बसन ना त्यात?"

"बसेल की."

त्यांनी खरेच विचार करून बोट ठेवले होते का? नव्हते, मित्रांनो. मी त्या बोटाखालीच होते. ते पेन्सिल शोधता शोधता बोलत होते. पंचफुलाबाईने मात्र पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला आणि त्या नखाएवढ्या दारावर बोट टेकवले.

"नव्या जागेले कोरडं कसं ठेवावं," ती म्हणाली. मग दाराशी उभ्या असलेल्या भावाकडे वळून हसली. "माया भावाच्या हातचं हाये. हे खोटं कसं होईन?"

चंद्रभान लाजला. त्याच्या कामाचे इतके कौतुक कोणीच केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नत्थूजी आले. म्हणाले, "मी काहून हटू, असं साऱ्याईले सांगत होतो. पण पंचफुलाबाईनं कुंकू लावलं, मंग मले कायचं भेव?" त्यांच्या मागून बाकीचे आले. एकेकाने आपले दार विचारून घेतले आणि कुंकू लावले. माझा पायथा लालेलाल झाला. मधुकररावांच्या कपाळावर आधी आठी आली, मग तेही हसले. त्या दिवसाइतकी मी पुन्हा कधी सुंदर दिसले नाही. महिन्याभरात टिनाची ओळ निघाली आणि पंचफुलाबाईने हुडकेश्वरला, शेतांच्या कडेला, भट्टी मांडली. तात्पुरतीच, असे तिला वाटत होते.

आणि मग योजना बदलली. पैसा घालणाऱ्या लोकांना तळाला दुकाने नको झाली. त्यांना दर्शनी बाजूला बँक हवी होती आणि मोटारी उभ्या करायला जागा. एका संध्याकाळी कोणी बडे पाहुणे यायचे होते. मधुकररावांनी चंद्रभानला करवत घेऊन बोलावले.

चंद्रभानने करवत माझ्या पायथ्याशी टेकवली आणि परत उचलली. "साहेब, याले कुंकू लागलं हाये," एवढेच तो म्हणाला.

"अरे, प्लायवुडच आहे ना," मधुकरराव म्हणाले.

चंद्रभानने स्वतःलाही तसेच समजावले असेल. त्याच्या पोटाचा प्रश्न होता. दुकानांची सारी ओळ त्याने कापून काढली. शेवटचा कोपरा कापला तेव्हा करवत खोल गेली आणि तिथे चौकोनी भोकच राहिले. तो तुकडा त्याने हत्यारांच्या पेटीत टाकला. बहिणीला काही सांगितले नाही. मलाही कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मी काय करणार होते?

दसऱ्याला पंचफुलाबाई हुडकेश्वरहून आली. आपल्या दुकानाला सोने द्यायला आपट्याची पाने घेऊन आली. पेटीसमोर वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"चंद्रभान, मायं दुकान कुठं गेलं गा?"

चंद्रभान तिथेच पेटीची कड घासत होता, तो घासतच राहिला. मधुकरराव पुढे झाले. "बाई, योजना बदलत असते. तुम्हाला दुसरीकडे जागा देऊ."

"कुठं? बोट ठेवा."

"म्हणजे, ते ठरायचं आहे अजून."

"ठेवा ना साहेब. तवा ठेवलं होतं तसं."

मधुकररावांनी हात खिशात घातला. वाईट माणूस नव्हता तो. पण तो हात त्याने बाहेर काढला नाही.

पंचफुलाबाईने भावाला विचारले, "तुले माहीत होतं?" त्याची नजर आपल्या करवतीकडे गेली. तिने आपट्याची पाने माझ्या काचेवर ठेवली आणि निघून गेली. ती पाने कितीतरी दिवस तिथेच सुकत होती.

त्यानंतरचे सांगायला माझ्या जिवावर येते. त्या ओळीतल्या लोकांनी पंचफुलाबाईशी बोलणे टाकले. तुझ्या कुंकवापायी आम्ही उठलो, असे नत्थूजी तिच्या तोंडावर म्हणाले. हुडकेश्वरला तेव्हा माणसांपेक्षा बाभळी जास्त. फुटाणे घेणार कोण? एका हिवाळ्यात भट्टी विझली ती पुन्हा पेटली नाही. शेवटी चंद्रभान तिला आपल्या घरी घेऊन आला. ती आली, पण बोलली नाही. त्याच्या ताटात तिने कधी स्वतःच्या हाताने वाढले नाही. एका घरात दोघे राहायचे आणि घरात आवाज फक्त रंध्याचा.

इमारतही झाली नाही, पाया खणून झाला तेवढाच. पैशावाले आपसात भांडले, मधुकरराव शहर सोडून गेले, कचेरी बंद पडली. मला जिन्याखाली सरकवले. काच फुटली, पालीने नवव्या मजल्यावर अंडी घातली, कोणीतरी माझ्या हॉटेलाला छत्री अडकवायचे. वर्षांमागून वर्षे गेली. यंदा घरमालकाने जिना साफ करायला काढला तेव्हा चंद्रभान हातठेला घेऊन आला आणि मला घेऊन गेला. वाटेत बर्डीवर त्याने ठेला थांबवला. माझी जागा मी पहिल्यांदा पाहिली. एक भला मोठा खड्डा, त्यात हिरवे पाणी आणि पाण्यात म्हशी. काठावर एकही दुकान नाही.

पडवीत मला बघून पंचफुलाबाईने माझ्या चौकोनी भोकात बोट घालून पाहिले. मग म्हणाली, "यंदा बडग्या याचाच कर." कित्येक वर्षांत ती भावाशी एवढे बोलली नव्हती. चंद्रभानने ऐकले, पण बरेच दिवस मला हात लावला नाही. ज्याने मला राहण्यासाठी घडवले, त्यानेच मला जाळायला बांधायचे. शेवटी बांधले. नत्थूजीही आले बांबू धरायला, आणि पंचफुलाबाईने दिलेला चहा मुकाट्याने प्याले.

आज संध्याकाळी चंद्रभानने हत्यारांची पेटी उघडली. तळातून तो कोपऱ्यावरचा तुकडा काढला. दारावरचे कुंकू काळपट झाले होते. त्याला सरस लावून तो माझ्या भोकाशी वाकला.

"काय करून राहिला गा?" पंचफुलाबाईने विचारले.

"पुरी करून राहिलो तिले. जायची तं पुरी जाऊ दे."

"ते नको लावू." तिने हात पुढे केला. "बाकी सारं जाळ. ते मायं हाये."

त्याने तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. तिने पदराने सरस पुसला, आत गेली आणि चुलीजवळच्या कोनाड्यात करंड्याशेजारी तो ठेवला. मग आतूनच म्हणाली, "चंद्रभान, पुरणपोळी निवून राहिली. ये, वाढते." तो गेला. भिंतीपलीकडे मला त्याचे रडणे ऐकू आले आणि तिचे, "जेव आधी," असे म्हणणे.

मित्रांनो, माझ्या पेटीवर पाटी असायची, 'कृपया हात लावू नये.' तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, त्याचे मला दुःख नाही. कुंकवाची बोटे मला लागली ती मी अंगावर दागिन्यासारखी वागवली. पण तुम्ही मोठे व्हाल, नकाशे काढाल, शहरे वसवाल. तेव्हा कोणाला बोट दाखवून "ही तुमची जागा" म्हणायचे असेल, तर आधी पेन्सिल खाली ठेवा आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. तो तुमच्या बोटावर विसंबून घर सोडून उठणार असतो.

उद्या लोक ओरडतील, सारी पीडा घेऊन जा. मी नेईन जेवढी नेता येईल तेवढी. तो खड्डा काही मला नेता यायचा नाही. पण अठराच्या अठरा मजले जळतील, निळ्या खिडक्या जळतील, भुशाची झाडे जळतील. कोपऱ्यावरचे तेवढे दुकान राहील.