राईतले दोघे

गोरक्षने ओढ्याच्या मधोमध पाय रोवला आणि थॉमस सरांपुढे हात केला.

"या सर. ह्या दगडावर पाय द्या. हां. आता दुसरा."

सरांनी हात धरला, पण पाय उचलला नाही. ते पाण्याकडे बघत राहिले. ओढा पोटरीएवढाच होता, पण दगडांवर आपटून पांढरा होत होता आणि जरा खाली गेला की धुक्यात नाहीसा होत होता, जणू पुढे त्याला जागाच नव्हती. पलीकडच्या काठावर झाडांचे बुंधे तेवढे दिसत होते. शेंडे नव्हते.

"पलीकडे कोण आहे?" सरांनी विचारलं.

"कुनी न्हाई सर. राई हाय आपली."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी पाय उचलला.

मागून लिडियाबाई आल्या. साडी वर खोचलेली, छत्री मिटून काठीसारखी धरलेली. त्यांनी गोरक्षचा हात घेतला नाही. पलीकडे पोचल्यावर आधी नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मगच स्वतःचा पदर पिळला.

गोरक्ष धादवड नऊ वर्षं पाहुण्यांना ही राई दाखवत होता. राजूरच्या वर, धरणाच्या पाण्याकाठी त्याचं गाव. भात लावून झालं की पाहुणे सुरू व्हायचे. शनिवारी-रविवारी पुण्या-नाशकाच्या गाड्या यायच्या, आणि तो त्यांना हिरड्याची झाडं दाखवायचा, फांदीवर उगवलेल्या आमरीची फुलं दाखवायचा, कस्तूर पक्षी शीळ घालायला लागला की बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना गप्प करायचा. आज मंगळवार होता. मंगळवारी कुणी येत नाही. पण चार दिवसांपूर्वी श्रीरामपूरहून या बाईंचा फोन आला होता. आम्ही दोघंच आहोत, त्या म्हणाल्या होत्या, हे फार चालू शकत नाहीत, गर्दीत घाबरतात, पण त्यांना ते दोन भाऊ बघायचेत.

थॉमस सरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला होता. कोऱ्या नकाशावर डोळे मिटून नदी काढणारा हा माणूस आता घरातल्या घरात न्हाणीघराची वाट चुकत होता. लेकाला 'आपण कुठले?' असं विचारत होता. लिडियाबाईंनी हे सगळं गाडीतून उतरल्या उतरल्या सांगून टाकलं होतं, औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं. भाची नॅन्सीने एकदा मोबाईलवर गोरक्षचा व्हिडिओ लावला. कुणा पाहुण्याने काढलेला होता, त्यात तो दगडांची गोष्ट सांगत होता. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सर म्हणत, "त्या भावांना लाव." सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण गोष्ट आठवत होती.

राईत शिरलं की पावसाचा आवाज बदलतो. वर तो पानांवर पडत असतो आणि खाली बऱ्याच वेळाने, थेंब थेंब, झाडाच्या मर्जीने पोचतो. बुंध्यांना शेवाळ होतं, शेवाळावर नेचे होते, आणि नेच्यांवर पाण्याचे थेंब असे लटकले होते की वारा आला तरी पडत नव्हते. सर एकेका झाडापाशी थांबत. हात लावत. पुन्हा चालत. गोरक्षने त्यांना घाई केली नाही. नेहमीची वीस मिनिटांची वाट, आज तास लागला, आणि त्या तासात तो स्वतःही कितीतरी दिवसांनी या झाडांकडे नीट बघत होता.

दगड एकदम समोर आले. दोन उभे दगड, पुरुषभर उंचीचे, एक जरा बुटका. खांद्याला खांदा लावून उभे असावेत तसे.

"हेच?" सर कुजबुजले.

"हेच सर."

"सांगा."

गोरक्षने कोयता कमरेला अडकवला. एवढ्या वेळा सांगितलेली गोष्ट, तरी सुरुवात करताना तो घसा खाकरायचाच.

"लई मागं, धरन बी नव्हतं तवाची गोष्ट. चाळीस दिस पाऊस थांबला न्हाई. वाडीतल्या समद्या चुली इझल्या. लाकूड ओलं, गवरी ओली, इस्तू कुठंच न्हाई. तवा दोन भाऊ निघाले, डोंगरापल्याडच्या गावातून इस्तू आनायला. हितवर आले न् असं धुकं पडलं. आतासारखंच. थोरला म्हनला, कानिफ, तू हो म्होरं. मी हितं उभा ऱ्हातो. परत येताना मी दिसलो की समज, आपली वाट हीच. कानिफ गेला. थोरला उभा. पाऊस पडतोय, दिस जात्यात. पायावर शेवाळ आलं, खांद्यावर आमरी उगवली, तरी हलला न्हाई. हलता हलता दगड झाला."

"'हलला नाही' आणि 'हलता हलता'?" लिडियाबाई हळूच म्हणाल्या.

"उभ्या उभ्या दगड झाला," गोरक्षने सुधारलं. "न् मंग लई वर्सांनी कानिफ आला. भावाला वळखलं. इस्तवाचं मडकं खाली ठिवलं, न् बाजूला उभा ऱ्हायला. तवापासून दोगं हितंच. दोगांच्या मधून हात जात न्हाई."

सरांनी दोन दगडांच्या फटीत तळवा घालून बघितला. बोटांची टोकं आत गेली आणि अडकली. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला की गोरक्षला दुसरीकडे बघावं लागलं.

"जात नाही," ते म्हणाले. "कानिफ कुठला?"

गोरक्षने बुटक्या दगडाकडे बोट केलं. सर त्याच्या पायथ्याशी टेकले, पाठ दगडाला लावली आणि डोळे मिटून घेतले.

लिडियाबाईंनी गोरक्षला जरा बाजूला, अंजनीच्या झाडाखाली बोलावलं.

"गोरक्षभाऊ, एक विचारू? खरी आहे का ही गोष्ट?"

हे त्याला पुष्कळांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं, जुनी मानसं सांगत आली म्हणून. आज ते तोंडातून निघेना. पहिल्या वर्षी एका पाहुण्याने या दगडांची कथा काय म्हणून विचारलं होतं, तेव्हा त्याला काहीच माहीत नव्हतं. गावातले म्हातारे आसारामबाबा म्हणाले होते, "ते व्हय? शिवंचे असत्याल." शिवेचे दगड म्हटल्यावर पाहुण्यांची तोंडं उतरायची. मग एका रविवारी, धुक्यात, त्याच्या तोंडून ही गोष्ट आपसूक निघाली होती.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "म्या जुळवली."

त्या चिडतील असं त्याला वाटलं. एवढ्या लांबून, आजारी माणसाला घेऊन आलेल्या. पण त्यांनी नुसती मान हलवली.

"वाटलंच मला. मीही शिकवायचे. मराठी. जुन्या गोष्टीत नाव आधी थोरल्याला मिळतं, धाकटा नुसता धाकटा. तुमच्या गोष्टीत उलटं आहे. थोरल्याला नावच नाही."

गोरक्षने झाडाच्या सालीवरचं शेवाळ नखाने खरवडलं. खाली ओली, तांबूस साल दिसली. ती त्याने अंगठ्याने पुसली.

"कानिफ हे भावाचं नाव हाय माझ्या," तो म्हणाला. "ढोरं भातात शिरली म्हनून म्या त्याला बोललो. नको ते बोललो. पुन्यांदा तोंड दावू नको म्हनलो. सतरा वर्सांचा हुता. राजूरच्या बाजाराला जातो म्हनून टेम्पोत बसला."

"मग?"

"मग न्हाईच."

"किती दिवस झाले?"

"एकोनीस वर्सं. आई हुती तवर रोज इचारायची. ती गेली, तवापासून घरात कुनी नाव घेत न्हाई त्याचं. हितं घेतो म्या. पाव्हन्यांपुढं."

 वरून एक थेंब लिडियाबाईंच्या चष्म्यावर पडला, तो त्यांनी पुसला नाही. मग म्हणाल्या, "यांना मात्र सांगू नका हं. गोष्ट खरी नाही म्हणून." आणि त्यांनी दगडांकडे वळून पाहिलं.

दगडांपाशी कुणी नव्हतं.

बुटक्या दगडाच्या पायथ्याशी गवत दबलेलं होतं, बस. धुकं मघापेक्षा दाट झालं होतं आणि आता झाडांचे बुंधेही त्यात बुडत चालले होते.

 राईच्या खालच्या अंगाला, चाळीस पावलांवर, जमीन संपत होती. तिथून सरळ कडा, आणि कड्याखाली धरणाचं पाणी. पाहुण्यांना गोरक्ष तिकडे कधी फिरकूसुद्धा देत नसे.

"बाई, तुमी हितनं हलू नका. ह्या दगडाला हात लावून उभ्या ऱ्हा. आवाज देत ऱ्हा, म्हंजे मला कळंल." आणि तो पुढे झाला. "सर! ओ सर!"

मागून लिडियाबाईंची हाक आली. "अहो! अहो, ऐकलंत का?"

धुक्यात कुठेतरी पाणी वाहत होतं. बाकी काही नाही.

"अहो!" आणि मग जरा वेळाने, अवघडलेल्या, तुटक्या आवाजात, "थॉमस!" चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ही हाक त्यांनी कधी मारली नव्हती, हे गोरक्षला कुणी सांगायला नको होतं. आवाजातच ते होतं. "थॉमस! थॉमस!"

पानं चाळवल्याचा आवाज झाला. खालच्या अंगाला. की डावीकडे? धुक्यात आवाज फसवतो, हे गोरक्ष लहानपणापासून जाणत होता. पळत जावं तर म्हातारा घाबरून पुढेच सरायचा. सर म्हणून हाक मारली तर तो सर नव्हता. थॉमस म्हटलं तर थॉमसही नव्हता. या घडीला तो कोण होता?

गोरक्ष थांबला.  त्याने दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले, खाली घेतले, पुन्हा धरले.

"कानिफ!"

पाहुण्यांना गोष्ट सांगतानाचा आवाज हा नव्हता. त्याचा त्यालाच तो अनोळखी वाटला.

"कानिफ रंऽऽ!"

झाडांवरून पाणी गळत राहिलं. मग, डावीकडून, खालून, अगदी जवळून कुणीतरी ओ दिली.

"ओऽ! आलो, दादा."

 गोरक्षने शेजारच्या झाडाला हात लावला आणि एकदा श्वास घेतला.

"थांब तिथंच," तो म्हणाला. "हलू नगं. म्या येतो."

तो उतरत गेला. एकेक पाऊल चाचपत, कारवीच्या झुडपांना धरत. आधी एक पांढरा शर्ट दिसला, मग माणूस. सर एका झुडपाशेजारी उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, एका पायातला बूट गेलेला. त्यांच्या पुढे दोन-चार पावलं गवत होतं आणि त्यापुढे नुसती पांढरी पोकळी होती. तिच्याकडे पाठ करून ते गोरक्षच्या येण्याची वाट बघत होते, आणि चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता.

गोरक्षने आधी त्यांचं मनगट घट्ट धरलं. मग हात.

"फार लांब गेलो होतो रे मी," सर म्हणाले. "रस्ताच सापडेना."

चला सर, असं म्हणायला हवं होतं. बाई वाट बघतात, हळू चला, पाय जपून टाका. हे सगळं त्याला रोज बोलायची सवय होती. त्यातलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही.

"जेवलास का?" त्याने विचारलं.

म्हाताऱ्याने बराच विचार केला. ओल्या भुवया एकत्र आल्या, पुन्हा सुटल्या.

"नाही अजून."

वरून, धुक्यातून, लिडियाबाईंचा आवाज आला. आता तो रडवेला झाला होता.

"सापडले का हो? गोरक्षभाऊ, सापडले का?"

गोरक्षने तोंडावरून ओली बाही फिरवली.

"सापडला, बाई," त्याने ओरडून सांगितलं. "सापडला."

 वर दगडावर छत्री टेकवल्याचा आवाज झाला, आणि लिडियाबाई म्हणाल्या, "बरं. हळू आणा त्याला."

गोरक्षने चढाला तोंड केलं. म्हाताऱ्याचा अनवाणी पाय जिथे पडेल तिथली काटकी तो आधी पायाने बाजूला सारत होता, आणि मग पुढचं पाऊल टाकत होता.