शेपटा

आक्काबाईनं वहाणा काढल्या, दोन्ही पाय फरशीवर जरा पुढं सरकवले आणि वाट बघितली. नात वाकली नाही. डोक्याला फडकं गुंडाळून खांबाला टेकून उभी होती, ती उभीच राहिली.

"बघ रं पुंजाराम, बघून घे," आक्काबाई शाळेच्या राखणदाराला म्हणाली. "खडीच्या ट्रकवर हाडं खिळखिळी करून घेतली, फुडं सगळा माळ तुडवत आले. आन ह्या पायांवर डोकं टेकवाया आमच्या शेवंताबाईला सवड न्हाई. घरनं धाडली तवा वाकत हुती. इथं मान ताठ धरायचं शिकवित्यात वाटतं."

"डोकं दुखतंय, आज्जे," शेवंता म्हणाली.

"डोकं दुखतंय तर फडकं आवळून बांधायचं. हे तर सैल हाय. आन डोकं दुखलं म्हनून कंबर वाकत न्हाई व्हय?"

पुंजाराम एरवी गप्पा मारायला माणूस शोधत असायचा. आज त्यानं विडी चुरगाळली आणि तोंड माळाकडं केलं. तेवढ्यानंच आक्काबाईला शंका आली. ती उठली आणि तिनं फडक्याला हात घातला. शेवंतानं अडवलं नाही.

केस मानेपाशी संपले होते. आक्काबाईचा हात सवयीनं खाली गेला, पाठीवरून, कमरेवरून, आणि रिकामाच परत आला.

शेवंताचा शेपटा आसपासच्या गावांत माहीत होता. आक्काबाईनं तो रिठ्यानं धुऊन, तेल चोळून, दृष्ट काढून वाढवला होता. उन्हाळ्यात केडगावला भाच्याच्या घरी लग्न होतं. तिथं राहात्याच्या सूर्यभान पाटलाच्या बायकोनं तो मागनं बघितला आणि पोरीचं तोंड बघायच्या आधीच पोरगी मागितली. मग आक्काबाई राहात्याला घर बघायला गेली. घर तिनं धड बघितलंच नाही. मळ्याच्या कडेनं कालवा वाहत होता. तिनं काठावर बसून पाण्यात पाय सोडले, आणि सोबतची माणसं हाका मारून दमली तरी ती उठेना.

इकडं खर्ड्याच्या अंगाला तिच्या गावात पाऊस येऊन गेल्याचं कुणाला नीट आठवतही नव्हतं. लेक आणि सून सरकारी कामावर खडी फोडत होती. पोटाला रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. गुरं चाऱ्याअभावी सोडून दिलेली. नात एकदा राहात्याला पडली की तिच्या डोक्यावर घागर चढायची नाही, एवढी एकच गोष्ट आक्काबाईनं मुठीत घट्ट धरून ठेवली होती. परवा पाहुणे पोरगी बघायला येणार होते. केस सोडून दाखवायचे, ही रीतच. म्हणून आज ती नातीला न्यायला आली होती, पिशवीत खोबरेलाची बाटली घेऊन.

"कुनी कापला?" तिनं विचारलं.

"न्हाई म्हाईत. झोपेत कापला."

"जागाच वाईट हाय आक्का," पुंजाराम हळूच म्हणाला. "मोगलाईची हद्द हुती तवा ह्यो जकातीचा नाका. एका बाईला इथं डांबून ठिवली हुती म्हनं. ती केस मोकळे सोडून फिरती."

"मग तिला सोताचे केस हायेत की. दुसऱ्याचे कशाला पायजेत? आन हडळीला कात्री लागती व्हय रं? गप बस."

घंटा झाली. शेवंता फडकं पुन्हा गुंडाळून वर्गात गेली. जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही.

नाक्याची ती दगडी इमारत आता मुलींची निवासी शाळा झाली होती. चहूकडं नुसता माळ; जवळचं गाव टेकाडाआड. हाक मारली तर ऐकायला बोरी-बाभळी. अशा जागी रात्री बाहेरून कोण येणार, हे आक्काबाईला कळेना. मुख्याध्यापक बाईंच्या खोलीबाहेर बाकावर आणखी एक बाई वाट बघत बसली होती, गोजरबाई. तिची मालन शेवंताच्याच वर्गात होती.

"तुमच्या पोरीचाबी गेला का?" गोजरबाईनं सरकून जागा केली. "आमच्या मालनचा दिवाळीच्या सुट्टीवरनं आल्यावर गेला. कर्जतचे पाहुणे यायचे हुते. म्या म्हनलं, येऊ द्या, सांगू काय झालं ते. तर सासरा व्हनार हुता तो म्हनला, असली बोडकी पोरगी दावताय व्हय आमाला? च्या न पिता उठला."

"बोडकी म्हनला? त्याची जीभ झडली न्हाई?"

"काय करता? पोरीची बाजू. आन ती पाटोद्याची पोरगी, तिची तर सुपारी फुटायची हुती. शेपटा गेला, लगीन मोडलं. भोग बघा कसं असत्यात आक्का. एवढ्या पोरी हायेत हितं, पर नेमका लगनाच्याच पोरीचा जातोय."

आक्काबाईनं काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नेमका. तो शब्द भातातल्या खड्यासारखा दातांखाली आला.

"बाकीच्या पोरींचं समद्यांचं शाबूत हाय?" तिनं जरा वेळानं विचारलं.

"शाबूत हाय की. त्यांस्नी कोन बघाया येतंय?" गोजरबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली. आपण काय बोललो, ते तिचं तिला कळलं नव्हतं.

मुख्याध्यापक विजयाबाई नगरहून आलेल्या, चष्मा लावणाऱ्या, वयानं आक्काबाईच्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांना काय काय सुनावायचं ते एरवी बाकावर बसल्या बसल्या आक्काबाईच्या मनात आपोआप लागलं असतं. आता त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

"बसा ना आजी," विजयाबाई म्हणाल्या. त्यांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं. भांडं अर्धंच भरलं. "मला तोंड दाखवायला जागा नाही. रात्री दाराला आतून कडी असते, खिडक्यांना गज आहेत. तरी हे होतंच आहे. कुणीतरी केस गंगावनासाठी, खोट्या वेण्यांसाठी विकत असावं, असं मला वाटतं. पोलिसांना कळवायचं म्हणते आहे."

"पोलिस कशाला, बाई?" आक्काबाई म्हणाली. "केसच हायेत. वाढतील."

विजयाबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि पुन्हा लावला नाही.

"खरं सांगू का, आता शोध लागला काय अन् न लागला काय. संक्रांतीनंतर वसतिगृह बंद होतंय."

"बंद म्हंजे?"

"विहीर आटली. टँकरवर चाललं होतं, तो येईनासा झाला. मी दोनदा नगरला जाऊन आले. वरून उत्तर आलं की मुली घरी पाठवा."

"आन परत कधी?"

"पाऊस झाला तर जूनमध्ये. पण एकदा घरी गेलेल्या मुली..." विजयाबाईंनी वाक्य तिथंच सोडलं. पुरं करायची गरज नव्हती. "मुलींना अजून सांगितलेलं नाही. परीक्षा तेवढी होऊ दे त्यांची. तुम्हीही बोलू नका, आजी. मी हात जोडते."

शिकलेल्या बाईनं आपल्यापुढं हात जोडावेत, हे आक्काबाईला आवडलं असतं, दुसऱ्या एखाद्या दिवशी. तिनं भांड्यातलं पाणी दोन घोट घेतलं, बाकीचं तसंच ठेवलं.

"विहीर कुठं हाय?"

"आता तिथं काही नाही हो."

"तरी बघते."

विहीर इमारतीच्या मागं होती. आटल्यापासून पोरी पडतील-बिडतील म्हणून भोवती काटे लावले होते. पुंजाराम हडळीच्या भयानं तिकडं फिरकत नसे. काठावर कधीकाळी उपसलेल्या गाळाचा ढीग वाळून पडला होता. आक्काबाईनं पायानं काटे बाजूला सारले आणि काठाच्या दगडाला हात टेकून खाली बघितलं.

डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागला. मग तळ दिसला, भेगाळलेला, भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला. आणि त्या भेगांवर तीन शेपटे पडले होते. दोन चिखलात माखून वाळलेले. तिसरा लांबलचक, वेटोळं घालून पडलेला, टोकाला दगड बांधलेला. दगडाशेजारी तांबडा लोकरी गोंडा होता. तो गोंडा दिवाळीत आक्काबाईनंच वळला होता.

"आज्जे! तिकडं नगं जाऊ!"

शेवंता वर्गातून पळत आली आणि काट्यांपाशी थबकली. आजी कुठं बघते आहे ते तिला दिसलं. तिनंही वाकून खाली बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तवा पानी हुतं," ती म्हणाली. "बुडाला हुता."

"कुनी कापला?"

शेवंतानं फडकं पुढं ओढलं.

"झोपेतला कापला असता तर एका कुशीचा कापला असता. हा मान ताठ धरून सरळ कापलाय. कुनी?"

"मालननं."

"आन मालनचा?"

"म्या."

आक्काबाईला राग आला की तिचा हात पहिला नातीच्या शेपट्यावर जायचा. आताही तो गेला. हातात काही आलं नाही. तो तसाच पोरीच्या उघड्या मानेवर राहिला. मान गरम होती.

"राहात्याला दारात कालवा हाय, शेवंता."

"म्हाईत हाय. धा येळा सांगितलंस."

"मग?"

"मला न्हाई जायचं." पोरगी खाली बघत बोलली. मग मान वर केली आणि बोलणं एकदम सुटलं. "आज्जे, केस परत एवढे व्हायच्या आत आमची अकरावी व्हती. तवर कोन बघाया येत न्हाई. एकदा मॅट्रिक झालं की मालन आन मी नगरला मास्तरणीचं शिकनार. पाटोद्याची सखूबी. बाई म्हनल्यात, आमी तिघी पास व्हनारच. समदं ठरवलंय आमी."

तिचे डोळे चमकत होते. आक्काबाईनं त्या डोळ्यांकडं बघितलं, मग विजयाबाईंच्या खिडकीकडं. खिडकीत बाई टेबलावर कोपर टेकून, डोकं हातात धरून बसल्या होत्या. संक्रांत हा शब्द आक्काबाईच्या जिभेवर आला. तिनं तो गिळला. आयुष्यात तिनं फार थोडे शब्द गिळले होते. घशाला त्याची सवय नव्हती.

"फडकं सोड," ती म्हणाली. "आन बस हितं."

गाळाच्या ढिगाशेजारी शेवंता तिच्या पुढ्यात बसली. आक्काबाईनं पिशवीतली बाटली काढली. तेल थंडीनं थिजलं होतं. पदराखाली धरून, तळव्यावर घासून तिनं ते पातळ केलं आणि त्या आखूड केसांत चोळायला लागली. एवढ्याशा केसांना तेल चिमूटभरच लागलं. हात मात्र पुढं जातच राहिले, मानेवरनं पाठीकडं, नसलेल्या केसांवरनं.

"राहात्याला काय सांगशील?" शेवंतानं विचारलं.

"मुदतीच्या तापात गेले म्हनीन."

"खोटं?"

"मग काय खरं सांगू? तुला खरं पायजे?"

शेवंता हसली. आक्काबाई हसली नाही. परवा सूर्यभानची बायको येईल, ऐकून घेईल, चुकचुकेल, आणि परतीच्या वाटेवर दुसऱ्या कुणाची तरी पोरगी मागेल. त्या पोरीच्या दारात कालवा वाहील. संक्रांतीनंतर ही घरी येईल, फडकं बांधून, आणि आईच्या शेजारी खडीवर बसेल. पाहुण्यांचा रस्ता हिनं कापलाय, शाळेचा आभाळानं. दोन्हीकडून आपल्याला करण्यासारखं काय उरलंय, ते आक्काबाईला सापडेना.

ती उठली. तिनं गाळाच्या ढिगाला पाय लावला आणि लोटला. ढेकळं धडधडत खाली गेली. धुरळा उठून तोंडावर आला. पुन्हा लोटला. शेवंता आधी बघत राहिली, मग तीही दोन्ही हातांनी माती ढकलू लागली. गोंड्याचा तांबडा ठिपका शेवटपर्यंत दिसत राहिला. मग तोही गेला.

"आता कुनालाच दिसायचं न्हाई," शेवंता हात झटकत म्हणाली.

"ही बाटली घे. तिघी लावा."

शेवंतानं बाटली घेतली, कडेला ठेवली आणि वाकली. धुळीनं भरलेल्या पायांवर तेलकट डोकं टेकलं. डोक्यावरून फडकं घसरलं तरी तिनं सावरलं नाही. आक्काबाईनं पाय मागं घेतले नाहीत. जरा वेळ तिनं तिला तसंच राहू दिलं. मग खांद्याला धरून उठवलं आणि मातीनं भरलेलं तिचं कपाळ आपल्या पदरानं पुसलं.

"लई शान्या हायेत तुमी तिघी," ती म्हणाली. "कात्री कोनाची, मान कोन धरनार, केस कवा वाढनार, समदं धरलंत. पर पानी आटंल, तेवढं धरलं न्हाईत."