बत्तिसाव्या पानावरचं हसू

मी शाळकरी पोरापोरींच्या प्रेमाच्या हलक्याफुलक्या चित्रकथा काढते. एकवीस वर्षं हेच करतेय. माझ्या नायिका आधी मान खाली घालून चालतात आणि शेवटी एखाद्या पोराच्या डोळ्याला डोळा भिडवून खळखळून हसतात. वाचक मुली पोस्टकार्डं पाठवतात, 'बाई, तुमच्यामुळे मला धीर आला' असं लिहितात. ती कार्डं मी एका खोक्यात टाकते. आजवर एकीलाही उत्तर दिलेलं नाही. पण काल आलेल्या कार्डात एका पोरीने सरळ विचारलंय, "बाई, असं खरंच होतं का?" हाच प्रश्न मला आधी एकीने तोंडावर विचारला होता. तेव्हा मी उत्तर दिलं होतं.

तिचं नाव चिगुसा ओरिहारा. आम्ही अकरावीत होतो. शाळेच्या चित्रकथा मंडळात दोघीच होतो, म्हणजे मंडळ कसलं डोंबलाचं, जिन्याखालची एक खोली आणि एक रॉकेलचा हीटर. चित्रं मी काढायची. शाई वाळली की पेन्सिलीच्या रेघा पुसायचं आणि केसांत काळा रंग भरायचं काम चिगुसाचं. ते ती इतकं सुरेख करायची की मी काढलेलं डोकं तिच्या हाताखालून जिवंत होऊन यायचं. स्वतः चित्र मात्र काढायची नाही. "माझं कोण बघणार," म्हणायची, तेही तोंडावर हात ठेवून. तिचे पुढचे दात पुढे आलेले होते. पहिलीपासून पोरं तिला 'ससा' म्हणत. हसताना आमच्याकडे जपानात पुष्कळ बायका तोंडावर हात धरतात, पण ही बोलताना, जेवताना, गाणं म्हणतानासुद्धा हात खाली घ्यायची नाही.

त्या हिवाळ्यात मी एका मासिकाच्या नवोदितांच्या स्पर्धेसाठी बत्तीस पानांची गोष्ट करत होते. गोष्ट अशी, की पोरं दगड-कागद-कात्री खेळतात आणि हरेल त्याला शिक्षा म्हणून वर्गातल्या सगळ्यात बुजऱ्या मुलीला 'माझ्याशी जोडी जमवशील का' असं विचारावं लागतं. मुलीला ते कळलेलं असतं. तरी ती ताठ मानेने हो म्हणते, आणि विसाव्या पानापर्यंत तो पोरगा खरोखरच तिच्या प्रेमात पडतो. गोड, नाही का? आदल्या वर्षी माझी गोष्ट परत आली होती, सोबत संपादकबाईंच्या दोन ओळी होत्या. 'नायिका प्रेमात पडलीय असं वाटत नाही. खऱ्या मुलींचे चेहरे पाहा.' त्या दोन ओळी मला वर्षभर टोचत होत्या. या वेळी चोवीस पानं झाली होती, शेवटची आठ अडली होती. ज्या चेहऱ्यावर सगळी गोष्ट उभी होती, तो चेहराच मला येत नव्हता.

जानेवारीत शाळा उघडली त्याच आठवड्यात एका सकाळी मी शाळेच्या दारातल्या बुटांच्या कप्प्यांमागे उभी असताना पलीकडून आवाज ऐकले. कुझुमी नावाचा एक आगाऊ पोरगा होता, त्याचा.

"हरलास ना, निशिवाकी? मग आता सशाला विचारायचं."

"अरे, दुसरी कुणी सांग ना."

"दुसरी नाही. चौदा फेब्रुवारीला ती चॉकलेट देईपर्यंत फिरायचं तिच्याबरोबर. मग सुटलास."

आमच्याकडे पोरांना ही असली शिक्षा ठाऊक होतीच, मी काही ती शोधून काढली नव्हती. पण त्या शिक्षेची गोड गोष्ट केली होती मीच. मधली सुट्टी होताच मी जिन्याखाली धावले. सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते.

चिगुसा हीटरपाशी बसली होती. तोंडावर हात नव्हता. मला ते पटकन लक्षात आलं नाही, फक्त काहीतरी बदललंय एवढं वाटलं.

"मिझुए," ती म्हणाली, "निशिवाकीची चिठ्ठी होती माझ्या कप्प्यात. शाळा सुटल्यावर सायकल स्टँडमागे बोलावलंय."

"चिगुसा, ऐक माझं. ती पोरं..."

"हरलाय ना तो? माहितीये मला. सकाळीच कुजबुजत होते, मला ऐकू येणार नाही असं वाटतं त्यांना." ती हीटरकडे बघत होती. "एरवी पळून गेले असते गं. पण तुझी चोवीस पानं मीच पुसलीयेत. तुझी ती नायिका पण ओळखून असते, आणि तरी हो म्हणते." मग तिने मान वर केली. "खरं सांग हं. असं होतं का?"

ते तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दात दिसत होते, गाल लाल झाले होते, आणि डोळ्यांत भीती आणि आशा अशी काही मिसळली होती की मला वर्षभर जे सापडत नव्हतं ते समोर बसलेलं होतं. नाही म्हटलं असतं तर ते विझलं असतं. माझी आठ पानं बाकी होती.

"होतं की," मी म्हणाले. "का नाही होणार?"

आणि हळूच वही काढली.

पुढचे पाच आठवडे ती रोज येऊन सांगायची. आज नदीपर्यंत चालत गेलो. आज त्याने छत्रीवरचं बर्फ झटकलं आणि माझ्याही छत्रीवरचं झटकलं. आज तो स्वतःहून बोलला, त्याच्या कुत्र्याबद्दल. ती सांगायची, मी काढायची. शाळेत ती ताठ चालायला लागली. एकदा वर्गात उभं राहून तिने हात बाजूला ठेवून धडा वाचला, तेव्हा सर क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. तिची आई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "तू काय जादू केलीस गं हिच्यावर?" मी आपली दात काढून हसले. निशिवाकीला बाजूला घेऊन विचारावं, बाबा रे, तुझ्या मनात काही आहे का, असं एकदोनदा आलं मनात. विचारलं नाही. तो नाही म्हणाला असता तर मला चिगुसाला सांगावं लागलं असतं.

तेरा तारखेला तिने घरी चॉकलेट केलं. दुकानातलं नव्हे, स्वतः वितळवून साच्यात घातलेलं, जे त्या दिवशी मुली फक्त आवडत्या मुलाला देतात ते.

"कुठे देऊ?" तिने विचारलं. "जिन्यात देऊ की वर्गात? तुझी ती सगळ्यांसमोर देते."

"वर्गातच दे," मी म्हणाले. "ते चांगलं दिसेल."

दिसेल, असं म्हणाले मी. माझ्या जिभेला हाड नव्हतं.

चौदाला जेवणाच्या सुट्टीत ती उठली आणि निशिवाकीच्या बाकापाशी गेली. दोन्ही हातांनी डबी पुढे केली. मी तिसऱ्या रांगेत होते, वही उघडी, पेन्सिल हातात. निशिवाकीने डबी घेतली. त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि अर्धा क्षण मलासुद्धा वाटलं की माझी गोष्ट खरी होतेय.

कुझुमीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "संपलं. निशिवाकी, सुटलास रे."

पोरं टाळ्या वाजवायला लागली. निशिवाकीची नजर जमिनीला लागली होती. "सॉरी, ओरिहारा," तो पुटपुटला. "हरलो होतो मी."

"माहीत होतं मला," चिगुसा म्हणाली, आणि हसली. तोंड उघडं ठेवून, सगळे दात दाखवून. माझ्या नायिकेला मी तसंच शिकवलं होतं. गोष्टीप्रमाणे आता तो पोरगा मान वर करील आणि म्हणेल, पण आता मला तू खरंच आवडतेस. ती थांबली. त्याने मान वर केली नाही.

"अरे, ससा हसतोय बघ," कुझुमी म्हणाला.

वर्ग फुटला. चिगुसाचा हात तोंडावर गेला आणि तिथेच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे नाही, वहीकडे पाहत होते, कारण त्याआधीचं हसू ताजं होतं आणि मला ते कागदावर उतरवून घ्यायचं होतं. असलं माणूस आहे मी.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. शाळेत घालायचे तिचे आतले बूट कप्प्यात तसेच राहिले. मी शेवटची आठ पानं सहा दिवसांत काढली, इतका हात माझा कधी चालला नव्हता. बत्तिसाव्या पानावर एकच मोठी चौकट होती आणि तिच्यात ते हसू. आता फक्त केस काळे करायचे होते, आणि ते माझ्याने होत नव्हतं, डाग पडायचे. स्पर्धेची मुदत महिनाअखेर होती. मी त्या आठ पानांचं पाकीट घेऊन चिगुसाच्या घरी गेले.

"ती खोलीतून बाहेर येत नाही गं," काकू, तिची आई, दारातूनच म्हणाल्या. "जेवणही दाराबाहेर ठेवतेय मी." त्यांनी पाकीट घेतलं, वर माझे आभार मानले. आत मी चिठ्ठी ठेवली होती. 'फक्त केस भर आणि पेन्सिल पूस. वेळ कमी आहे.' माफी मागायचं सुचलं नाही असं नाही. मागितली तर ती पानं परत करणार नाही, अशी भीती वाटली.

तीन दिवसांनी पाकीट आलं. पहिली सात पानं सुरेख झाली होती, एक रेघ राहिली नव्हती, केस रेशमी काळे. बत्तिसाव्या पानावरचे केसही भरलेले. पण हसणाऱ्या तोंडावर पांढरा रंग लावून, तो वाळू देऊन, त्यावर बारीक टाकाने तिने एक हात काढला होता. तळहात ओठांवर घट्ट दाबलेला, करंगळी थोडी वाकडी, तिची होती तशी. तिने स्वतःहून काढलेलं मी पाहिलेलं ते पहिलं चित्र. तेवढा खरा हात मला आजही जमत नाही.

मी पुष्कळ वेळ पानाकडे बघत बसले. मग पातं घेतलं आणि तो हात खरवडून काढला. खाली माझं हसू शाबूत होतं. बत्तीसही पानं टपालात टाकली.

मला बक्षीस मिळालं. संपादकबाईंनी लिहिलं, 'हा चेहरा खोटा असूच शकत नाही.' चिगुसा आज एकेचाळीस वर्षांची आहे आणि त्याच खोलीत आहे. काकू थकल्यात. नवीन वर्षाच्या शुभेच्छांचं कार्ड मला दरवर्षी पाठवतात, 'तुझ्या गोष्टी ती वाचते की नाही, कळत नाही' असं लिहितात.

आज सकाळी मी त्या पोरीला उत्तर लिहायला बसले. तिने स्वतःचं वय लिहिलंय, सोळा, आणि शुक्रवारी एका मुलाला विचारणार आहे, तोवर कळवा म्हणते. मी लिहिलं, 'नाही होत. आधी मैत्रिणीला विचार, आणि तिच्या हातात वही असेल तर तिचंही ऐकू नकोस.' पत्ता घातला, तिकीट लावलं. मग मासिकातून फोन आला. नवीन मालिका पुढच्या महिन्यात सुरू होतेय, मुखपृष्ठ हवंय, नायिकेचा हसरा चेहरा, नेहमीसारखा. मी हो म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढलं.

उत्तराचं कार्ड खोक्यात आहे. आज गुरुवार आहे.