चार नंबरची नळी

तिने चौथ्या नळीचं टोपण फिरवून काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि पुन्हा लावलं. टोपणावर तिच्याच अक्षरात चारचा आकडा होता. पडद्यावरच्या आजच्या तपासणीच्या चित्रात मात्र त्या नळीपुढे विषाणूची काळी पट्टी ठसठशीत उमटली होती, आणि चार नंबरच्या नळीत विषाणू असायचं काही कारणच नव्हतं. ती निरोगी पेशींची जादा नळी, हाताशी असावी म्हणून भरून ठेवलेली.

विषाणू आणि नवं औषध, दोन्ही असायला हवं होतं तिसऱ्या नळीत. तिथे विषाणूचा मागमूस नव्हता.

काय झालं ते कळायला तिला वेळ लागला नाही. प्रयोगशाळेत सगळेच आकडा टोपणावर घालत, नळीवर नाही. बर्फात नळीवरची शाई पुसून जाते म्हणून. प्रयोगाच्या दिवशी तिने चारही टोपणं टेबलावर पालथी मांडली होती आणि परत लावताना तिसऱ्या-चौथ्याची अदलाबदल झाली होती. बस, एवढंच. पेशीचं रक्षण करणारं जे प्रथिन विषाणू संपवतो, त्या ‘रखवालदारा’ची पट्टी तिसऱ्या नळीपुढे दिसली म्हणून सव्वा महिना सगळे हुरळून गेले होते; ती औषधाची करामत नव्हतीच, निरोगी पेशींचीच पट्टी होती ती. औषध असलेल्या खऱ्या नळीत रखवालदार साफ नाहीसा झालेला होता.

‘रखवालदार’ हे त्या प्रथिनाचं नाव तिनेच पाडलेलं, दादाला समजावं म्हणून. दादाच्या यकृतात हा विषाणू जन्मापासून मुक्कामाला होता, आईकडून आलेला. ती धाकटी, तिच्या वेळेला लस मिळाली, म्हणून ती वाचली. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. कुठलीही गोष्ट उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, तेव्हा तिने त्याला सगळं नीट सांगितलं होतं.

“आमच्याकडे दर शुक्रवारी फ्रीजर साफ होतो. लाल टिपका असलेला डबा मावशी भट्टीत टाकतात. टिपका कोणी ठेवला, ते विचारत नाहीत. पेशीतही तेच. निकामी प्रथिनावर खूण करायची, ते मोडीत काढायचं, सुट्या भागांतून नवं करायचं. हा विषाणू रखवालदाराला स्वतः मारत नाही. त्याच्या डोक्यावर गुपचूप टिपका ठेवतो. पुढचं काम पेशीच करते.”

“म्हणजे तुमच्या मावशींनाच कामाला लावतो,” दादा म्हणाला होता. “बेरकी आहे लेकाचा.”

आणि मग एके दिवशी तिने घरात पाऊल टाकता टाकताच त्याला सांगितलं होतं, “रखवालदार परत आला, दादा.” कशाला सांगितलं, असं आता तिला झालं.

दुपारी ती तडक घरी गेली. पुढच्या खोलीतल्या दुकानात दादा एका डोळ्याला भिंग लावून घड्याळावर वाकला होता.

“दादा, ते चुकलं. नळ्या बदलल्या गेल्या. माझ्याच हातून.”

चिमटा जागच्या जागी थांबला.

“गोळ्या चालू आहेत ना तुझ्या?”

त्याने चिमटा खाली ठेवला. तिनेच खण उघडला. गोळ्यांची पाकिटं आली तशी पडली होती, एकही फोडलेलं नव्हतं.

“अरे, बंद केल्या की आजार उलटतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं ना?”

“अकरा वर्षं रोज गिळतोय. म्हटलं, आता औषध येतंच आहे. तोवर जरा माणसासारखं जगू.”

त्याने भिंग काढलं. डोळ्यांच्या कडा पिवळट दिसत होत्या. तिने एक पाकीट फोडून पुढे केलं.

“आत्ता घे एक. आणि उद्या डॉक्टरांकडे चल.”

“तू लहानपणापासून भित्रीच,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “सोमवारी तुझ्या मोठ्या बाई या औषधाबद्दल सगळ्यांसमोर बोलणार आहेत ना? त्या चुकलं म्हणाल्या की लगेच घेतो. त्या काय उगाच बोलतील?”

मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. हिला कामावर घ्यायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा त्यांनीच शब्द टाकला होता. संध्याकाळी तिने नळ्यांचा डबा आणि पट्ट्यांची जुनं-नवं अशी दोन चित्रं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. दादाचंही. बाई दोन्ही चित्रं बराच वेळ पाहत राहिल्या.

“इथे कोणाला बोललीस?”

“नाही.”

“चित्रं राहू देत. डबाही. मी बघते काय ते.” ती दाराशी पोचल्यावर त्या मायेने म्हणाल्या, “दमलीयस. उद्या शुक्रवार, उशिरा आलीस तरी चालेल.”

तिला केवढं हायसं वाटलं. पण रात्रभर दादा अंग खाजवत कूस बदलत होता ते तिला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. बाईंनाच त्याला एक फोन करायला सांगायचं, असं ठरवून ती सकाळी नेहमीच्याच वेळेला गेली.

मावशींची गाडी भट्टीच्या दाराशी पोचली होती. गाडीवर सगळ्यात वरती तिचा डबा. तारीख तिच्या अक्षरात, आणि झाकणावर लाल टिपका. तो तिने ठेवलेला नव्हता.

“मावशी, थांबा जरा.”

“भट्टी तापलीय गं. काय राहिलं?”

“हा टिपका कोणी ठेवला?”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग मोठ्या बाईंच्या बंद दाराकडे पाहिलं.

“इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नाही मला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि गाडीच्या दांड्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

तिने डबा उचलला. गारठ्याने बोटं बधिर झाली, तरी तो छातीशी धरून तिने दुसऱ्या हाताने फोन लावला.

“दादा, दुकान बंद कर आणि इकडे ये. नळ्या तुझ्यासमोर उघडून पुन्हा तपासते, तूच बघ. भिंग घेऊन ये.” पलीकडे तो काहीतरी विचारत होता. तिने त्याला पुरतं बोलू दिलं नाही.

“आणि गोळ्याही,” ती म्हणाली.